बारा टेबलांचं ऑफिस थिन क्लायंटवर नेताना: सर्व्हर, लायसन्स, प्रिंटर आणि डीएससी

कर सल्लागाराचं, व्यापाऱ्याचं किंवा छोट्या कारखान्याचं ऑफिस. बारा टेबलं. दिवसभराचं काम म्हणजे टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये जीएसटी आणि आयकराची पोर्टलं, ईमेल आणि प्रिंट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टेबलावरचे बहुतेक जुने पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, कारण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही किंवा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे. अशा वेळी बारा नवे पीसी घ्यायचे, की एक दणकट सर्व्हर घेऊन टेबलावर थिन क्लायंट (स्वतः फारसं काम न करता सर्व्हरवरचा डेस्कटॉप पडद्यावर दाखवणारे छोटे डबे) ठेवायचे, हा प्रश्न येतो. दुसरी वाट धरायची असेल तर काय काय करायचं, ते इथे सविस्तर दिलं आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. खरेदीच्या वेळी सगळी चर्चा टेबलावर कोणता डबा ठेवायचा याभोवती फिरते. काम अडतं ते मात्र प्रिंटर, डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन, स्कॅनर आणि मराठी कीबोर्ड या चार ठिकाणी. म्हणून या चार गोष्टी आपल्या ऑफिसात चालवून पाहिल्याशिवाय एकाही थिन क्लायंटची ऑर्डर देऊ नका. चाचणीला पैसे लागत नाहीत. विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन आवृत्ती १८० दिवस चालते आणि रिमोट डेस्कटॉपच्या (सर्व्हरवरचा डेस्कटॉप नेटवर्कवरून वापरण्याची विंडोजची सोय) लायसन्सला १२० दिवसांची सवलत असते. एखाद्या बऱ्या पीसीवर, १६ जीबी रॅम टाकून, सर्व्हर उभा करा आणि दोन टेबलांना आठवडाभर त्यावर खरं काम करू द्या.

सेशन की व्हीएम

व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे सर्व्हरवर चालणारा डेस्कटॉप, हा शब्द दोन वेगळ्या मांडण्यांसाठी वापरतात. पहिल्या मांडणीत प्रत्येक माणसासाठी सर्व्हरवर विंडोज ११ चं वेगळं व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) असतं. दुसऱ्यात एकच विंडोज सर्व्हर असतो आणि त्यावर बारा जण एकाच वेळी आपापलं सेशन उघडून काम करतात. प्रत्येकाला स्वतःचा डेस्कटॉप, स्वतःची कागदपत्रं, स्वतःचा पासवर्ड मिळतो. खाली ऑपरेटिंग सिस्टिम एकच.

छोट्या ऑफिसने दुसरी मांडणी घ्यावी. पहिलीत बारा ऑपरेटिंग सिस्टिम्स सांभाळाव्या लागतात, प्रत्येकीला किमान ४ आणि व्यवहारात ८ जीबी रॅम लागते. शिवाय पीसीबरोबर आलेलं विंडोज प्रोचं लायसन्स सर्व्हरवरच्या मशीनला चालत नाही, त्यासाठी विंडोज एंटरप्राइझची किंवा व्हीडीएची (व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरण्याच्या परवान्याची) वर्गणी भरावी लागते. सेशनच्या मांडणीत सॉफ्टवेअर एकदाच टाकायचं, अपडेट एकदाच करायचं.

तिसरी वाट क्लाउडची. मायक्रोसॉफ्टच्या ॲझूर क्लाउडचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून लागणारा वेळ कमी असतो. पण महिन्याचं भाडं कायमचं मागे लागतं आणि इंटरनेट गेलं की सगळं ऑफिस थांबतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन असतील आणि माणसं बऱ्याच गावांतून काम करत असतील तरच तिचा विचार करा.

कोणाला हे सगळं नकोच? पाचपेक्षा कमी टेबलं असतील तर लायसन्स आणि सर्व्हरचा खर्च वसूल होत नाही. ऑटोकॅड, कोरलड्रॉ, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना साधा पीसीच द्या. बारातलं एक टेबल असं असेल तर तेवढं एक वेगळं ठेवायचं, बाकीचे अकरा सर्व्हरवर न्यायचे. मिश्र मांडणीत काही कमीपणा नाही.

आणि एक आडवाट टाळाच: विंडोज १० किंवा ११ प्रोच्या फाइलीत फेरफार करून एकाच पीसीवर पाच-सहा जणांना रिमोटने बसवणं. ते लायसन्सच्या अटी मोडतं, आणि विंडोजचं पुढचं अपडेट येताच सकाळी सगळ्यांचं लॉगिन बंद पडतं.

सर्व्हर किती मोठा

हिशोब रॅमपासून सुरू करा. विंडोज सर्व्हरला स्वतःसाठी ४ जीबी धरा. टॅली, दोन-तीन एक्सेल फाइली, मेल आणि आठ-दहा टॅब उघडलेला क्रोम असा एक माणूस साधारण २.५ जीबी घेतो, त्यात सगळ्यात मोठा वाटा क्रोमचा. बारा माणसांचे ३० जीबी. खाती आणि सामायिक फोल्डर सांभाळणाऱ्या वेगळ्या व्हीएमसाठी ६ आणि होस्टसाठी, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खालच्या विंडोजसाठी, ४ जीबी. बेरीज ४४ होते, म्हणून ६४ जीबी घ्या, आणि एकाच्या जागी दोन ३२ जीबीच्या पट्ट्या घ्या, म्हणजे मेमरी दोन चॅनेलवर चालते आणि पुढे वाढवायला जागा राहते. ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅमच घ्या. बारा माणसांचं काम एकाच मेमरीत असताना तिथे बचत करू नये.

प्रोसेसर ८ कोअर, १६ थ्रेडचा पुरतो. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरला कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग जास्त लागतो, म्हणून जुना २० कोअरचा, २.२ गिगाहर्ट्झचा सेकंडहँड सर्व्हर स्वस्त दिसला तरी काम रेंगाळतं. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं, त्यामुळे कमी कोअर घेऊन लायसन्समध्ये काही वाचत नाही, हेही ध्यानात असू द्या.

डिस्क म्हणून ९६० जीबीच्या दोन एंटरप्राइझ दर्जाच्या एसएसडी, रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच मजकूर). साध्या बाजारू एसएसडीत अचानक वीज गेल्यावर शेवटचा मजकूर सुरक्षित लिहून घेण्याची सोय नसते आणि नेमकी टॅलीची डेटा फाइल उघडी असते. हार्ड डिस्कवर सेशन होस्ट (सगळ्यांची सेशन जिथे चालतात तो सर्व्हर) चालवू नका. सकाळी दहाला बारा जण एकदम लॉगिन करतात तेव्हा डेस्कटॉप यायला पाच-पाच मिनिटं लागतात, आणि लोक थिन क्लायंटला दोष देतात.

वायर, स्विच, वीज

एका सेशनला साध्या कामात सेकंदाला १०० ते ३०० किलोबिट पुरतात, व्हिडिओ लावला की काही मेगाबिट. म्हणजे गिगाबिट स्विचवर बारा माणसांचा भार नगण्य आहे. अडचण वेगाची कधीच नसते, वायर सैल असण्याची असते. साध्या पीसीवर नेट अर्धा सेकंद तुटलं तर कळतही नाही. थिन क्लायंटवर तेवढ्यात पडदा गोठतो. म्हणून प्रत्येक टेबलाला कॅट ६ ची वायर, भिंतीत नीट बसवलेला आयओ बॉक्स, आणि हाताने क्रिम्प केलेल्या टोकांऐवजी तयार पॅच कॉर्ड. वायफायवर थिन क्लायंट लावू नका.

टेबलाखाली लटकणारे पाच पोर्टचे छोटे स्विच काढून टाका. अशा स्विचमध्ये कोणीतरी झाडताना सुटलेल्या वायरचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये खोचतं, लूप तयार होतो आणि सगळं नेटवर्क बंद पडतं. २४ पोर्टचा, लूप ओळखणारा एकच मॅनेज्ड स्विच घ्या.

सर्व्हरला कायमचा आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०, आणि राउटर आपोआप वाटतो त्या आयपींच्या (डीएचसीपीच्या) पट्ट्याबाहेर तो ठेवा. थिन क्लायंटना डीएचसीपीमध्ये ठरावीक आयपीचं रिझर्वेशन करून टाका आणि त्या क्रमांकाची चिकटपट्टी डब्यावर लावा. फोनवर "माझा बंद पडलाय" असं कोणी म्हणालं की कोणता, हे त्या चिकटपट्टीवरून कळतं.

विजेच्या बाबतीत या मांडणीचा मोठा फायदा आहे. थिन क्लायंट १० ते १५ वॅट घेतो, एलईडी मॉनिटर २०-२५. बारा टेबलांचे मिळून पाचशे वॅटही होत नाहीत. वीज गेली आणि टेबलावरचा डबा बंद पडला तरी सर्व्हरवरचं सेशन जिवंत राहतं. वीज आल्यावर लॉगिन केलं की अर्धवट भरलेलं व्हाउचर होतं तिथेच सापडतं. मात्र त्यासाठी सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत. सर्व्हरला १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस लावतात आणि शेजारचा स्विच साध्या बोर्डावर राहतो, ही चूक फार ठिकाणी दिसते. इन्व्हर्टरवर टेबलं चालू, यूपीएसवर सर्व्हर चालू, आणि मधला स्विच बंद म्हणून बाराही पडदे काळे. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडून त्याचं सॉफ्टवेअरही टाका. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की सर्व्हर आपोआप, रीतसर बंद व्हायला हवा.

टेबलावरचा डबा

निवड तीन प्रकारांत आहे. डेल वाइज किंवा एचपीचे तयार थिन क्लायंट, नवे किंवा वापरलेले. लिनक्स टाकलेले तुमचेच जुने पीसी. आणि रास्पबेरी पाय ४ किंवा ५.

नवे घेणं जमत असेल तर लिनक्स किंवा कंपनीच्या स्वतःच्या ओएसवर चालणारा, ४ जीबी रॅमचा, दोन मॉनिटर लागणारा घ्या. एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हर सॉफ्टवेअरशिवाय चालतच नाहीत असे जुने डबे शाळा-ऑफिसांतून स्वस्तात निघतात, ते घेऊ नका. ते सॉफ्टवेअर बंद झालं की डबा भंगारात. डब्याला थेट आरडीपी (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची भाषा) येतं का, एवढंच विचारा.

जुने पीसी वापरायचे असतील तर २ जीबी रॅम पुरते. डेबियन लिनक्स टाकायचं, त्यावर फ्रीआरडीपी (रिमोट डेस्कटॉपला जोडणारं सॉफ्टवेअर), आणि चालू होताच थेट सर्व्हरचं लॉगिन दिसेल अशी मांडणी करायची. वीज जास्त जाते, पंख्याचा आवाज राहतो, पण सुरुवात फुकटात होते. आधी हे करून पाहा आणि एकेक पीसी मरेल तसा थिन क्लायंट आणा, हा सल्ला बहुतेक छोट्या ऑफिसांना लागू पडतो.

वापरलेला थिन क्लायंट घेतला तर पहिल्याच दिवशी आतला सीआर २०३२ चा सेल बदला. सेल मेला असेल तर दर वेळी वीज गेल्यावर डब्याचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग सर्टिफिकेट अवैध ठरतं, आणि डोमेनच्या (सगळ्यांची खाती सर्व्हरवर एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या मांडणीच्या) लॉगिनला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. पडद्यावर येणाऱ्या संदेशात घड्याळाचा उल्लेखही नसतो, त्यामुळे पासवर्ड बदलण्यात अर्धा दिवस जातो. सेल बदला आणि डब्याला वेळेसाठी सर्व्हरचा पत्ता द्या.

सर्व्हर उभा करणं

विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्सवर दोन व्हीएम चालवता येतात, अट एवढीच की खालच्या होस्टवर हायपर-व्ही (व्हीएम चालवणारा विंडोजचा भाग) सोडून दुसरं काही काम ठेवायचं नाही. याचा पुरेपूर उपयोग करा. पहिल्या व्हीएमवर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनची खाती), डीएनएस (नावावरून आयपी शोधणं), सामायिक फोल्डर आणि लायसन्सिंग. दुसरीवर फक्त सेशन होस्ट. दोन्ही एकाच विंडोजवर कोंबता येतात, पण डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे डोमेनची खाती सांभाळणाऱ्या मशीनवर, साध्या माणसांना लॉगिन देणं धोक्याचं आहे.

डोमेनच्या नावाच्या शेवटी "डॉट लोकल" ठेवू नका, लिनक्सवाले थिन क्लायंट ते नाव वेगळ्या पद्धतीने शोधतात आणि सर्व्हर सापडत नाही. "डॉट इंटर्नल" ठेवा; ते शेपूट २०२४ मध्ये खासगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलं गेलं आहे. दोन्ही व्हीएमच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून पहिल्या व्हीएमचा आयपी घाला, राउटरचा नको. डोमेनमध्ये जोडताना येणाऱ्या निम्म्या अडचणींचं मूळ इथेच असतं.

सेशन होस्टला रॅम ठरावीक द्या, आपल्या हिशोबात ४० जीबी. डायनॅमिक ठेवू नका. चेकपॉइंट (व्हीएमची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेऊन विसरू नका. तो महिनाभर राहिला की फुगत जाऊन डिस्क भरते आणि व्हीएम भर दुपारी थबकते.

मग दुसऱ्या व्हीएमवर डोमेनच्या ॲडमिन खात्याने लॉगिन करा. सर्व्हर मॅनेजर, "ॲड रोल्स अँड फीचर्स", त्यात "रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस इन्स्टॉलेशन", मग "क्विक स्टार्ट", मग "सेशन-बेस्ड". मशीन एकदा रीस्टार्ट होईल. पहिल्या व्हीएमवर "रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग" हा रोल टाका. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक माणसाचं स्वतंत्र खातं उघडा, सगळ्यांचा एक गट करा आणि त्या गटाला सेशन होस्टवर प्रवेश द्या. "अकाउंट्स १", "अकाउंट्स २" अशी टेबलांची खाती नकोत, माणसांची हवीत. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) सक्तीचा आहे. विंडोजचं आणि टॅलीचं लॉगिन ज्याचं त्याचं असेल तरच कोणती नोंद कोणी बदलली, हे खात्रीने सांगता येतं.

लायसन्सचं गणित

तीन वेगवेगळी लायसन्स लागतात: विंडोज सर्व्हरचं, बारा सर्व्हर कॅल (सर्व्हर वापरण्याचे परवाने) आणि बारा आरडीएस कॅल (त्यावर रिमोट डेस्कटॉप वापरण्याचे परवाने). शेवटची दोन वेगळी आहेत, एक घेतलं की दुसरं आलं असं नाही. कोटेशनमध्ये तिन्ही ओळी स्वतंत्र दिसत नसतील तर विक्रेत्याला परत पाठवा. कॅलची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्यापेक्षा नवी हवी. २०१९ ची कॅल २०२२ च्या सर्व्हरवर चालत नाही.

माणशी कॅल की डब्यामागे? दोन पाळ्यांत तेच टेबल दोघं वापरत असतील तर डब्यामागे स्वस्त. तीच माणसं घरून लॅपटॉपवरही काम करत असतील तर माणशी. डोमेन नसेल, म्हणजे वर्कग्रुप (प्रत्येक मशीनवर वेगळी खाती) असेल, तर डब्यामागचीच चालतात. माणशी लावली तर नव्या आवृत्त्यांत तासाभराने सेशन तुटतं. डब्यामागच्या कॅलमध्ये आणखी एक खाच आहे. ज्या थिन क्लायंटचा राइट फिल्टर (डिस्कवर कायमचे बदल होऊ न देणारी सोय) डबा बंद होताना सगळं पुसून टाकतो, तो मिळालेलं लायसन्सही विसरतो आणि पुन्हा नवं मागतो. बारा डबे असताना यादीत वीस दिसायला लागले की कारण हेच.

लायसन्स सर्व्हर ॲक्टिव्हेट करून कॅल टाकल्या म्हणजे काम झालं, असं वाटतं. तसं नाही. सेशन होस्टला लायसन्स सर्व्हरचं नाव आणि कॅलचा प्रकार दोन्ही सांगावे लागतात. त्यानंतर "आरडी लायसन्सिंग डायग्नोजर" उघडून एकही इशारा नाही हे पाहा. हे राहिलं तर १२० दिवस सगळं सुरळीत चालतं, कोणाला काही कळत नाही, आणि १२१ व्या दिवशी सकाळी बाराही टेबलांवर लायसन्स सर्व्हर उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. तेव्हा आत शिरायला रिमोट डेस्कटॉपच्या आज्ञेपुढे "स्लॅश ॲडमिन" लिहायचं, त्या वाटेला कॅल लागत नाही. पण त्यापेक्षा बसवलेल्या दिवसापासून १०० दिवसांनी कॅलेंडरवर खूण करा आणि डायग्नोजर पुन्हा एकदा पाहा.

एमएस ऑफिसची साधी दुकानी प्रत सेशन होस्टवर चालत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यायचं तर सामायिक संगणकावर ॲक्टिव्हेशन देणारा प्लॅन लागतो, छोट्या ऑफिससाठी तो बिझनेस प्रीमियम. नाहीतर व्हॉल्यूम लायसन्स. लिब्रेऑफिसवर भागत असेल तर हा खर्च वाचतो. टॅली प्राइम एकाच वेळी अनेकांनी वापरायचं तर गोल्ड लागतं. कोणतंही सॉफ्टवेअर टाकण्याआधी कंट्रोल पॅनेलमधल्या "इन्स्टॉल ॲप्लिकेशन ऑन रिमोट डेस्कटॉप" या वाटेने जा, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज सगळ्यांना मिळतात. टॅलीचा डेटा सेशन होस्टच्याच डी ड्राइव्हवर ठेवा, पहिल्या व्हीएमच्या सामायिक फोल्डरवर नको. नेटवर्कवरून उघडण्यापेक्षा तो कितीतरी चपळ चालतो.

पॉलिसीत बदलायच्या गोष्टी

एका माणसाला एकच सेशन, ही पॉलिसी चालू ठेवा. म्हणजे तो दुसऱ्या टेबलावर बसला तरी त्याचंच उघडं काम समोर येतं. तुटलेलं सेशन १० तासांनी बंद व्हावं, अर्ध्या तासाने नव्हे, नाहीतर वीज गेल्यावर सेशन टिकण्याचा फायदाच गेला. रिकामं पडलेलं सेशन तासाभराने नुसतं तुटावं. वॉलपेपर आणि ॲनिमेशन बंद. थिन क्लायंटच्या पेनड्राइव्हचं रीडायरेक्शन (डब्याला लावलेलं सेशनमध्ये दिसणं) बंद, ज्यांना खरंच लागतं अशा एक-दोघांपुरतं चालू.

रोजच्या कामाला ॲडमिन खातं कोणालाही देऊ नका, मालकालाही नाही. संध्याकाळी सवयीने कोणी "शट डाउन" दाबलं की उरलेल्या अकरा जणांचं काम जातं. विंडोज अपडेट आणि रीस्टार्ट रविवारी रात्री ठेवा. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट केलाच पाहिजे, क्रोमची अडकलेली प्रोसेस साफ होते.

प्रिंटर, स्कॅनर, कीबोर्ड

लेझर प्रिंटर नेटवर्कवर लावा आणि त्याचा ड्रायव्हर थेट सर्व्हरवर टाका. थिन क्लायंटच्या यूएसबीला लावून सेशनमध्ये आणता येतो, पण लिनक्सच्या डब्यातून ते भरवशाचं नसतं.

डॉट मॅट्रिक्सवर बिलं छापत असाल तर इथे वेळ द्या. विंडोजची "ईझी प्रिंट" पद्धत पानाचं चित्र करून पाठवते. मग जो प्रिंटर अक्षरं म्हणून सरसर छापायचा तो त्याच बिलाची एकेक ठिपक्यांची ओळ रेटत बसतो, आणि सलग कागद दर बिलागणिक थोडा थोडा सरकून दहाव्या बिलाला छपाई छिद्रांच्या रेघेवर येते. उपाय असा: प्रिंटरला नेटवर्क प्रिंट सर्व्हरची छोटी डबी लावा, सर्व्हरवर कंपनीचा मूळ ड्रायव्हर टाका, प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये तुमच्या कागदाच्या नेमक्या मापाचा फॉर्म तयार करा, समजा १० इंच बाय ६ इंच, आणि तोच त्या प्रिंटरचा कायमचा फॉर्म करा. "ईझी प्रिंट ड्रायव्हर आधी वापरा" ही पॉलिसी बंद ठेवा. मग सलग पन्नास बिलं छापून पन्नासावं पाहा.

यूएसबी स्कॅनर सेशनमधून चालत नाही असंच धरून चाला. नेटवर्क स्कॅनर घ्या आणि स्कॅन थेट सामायिक फोल्डरमध्ये पडू द्या.

कीबोर्डची गंमत अशी की जोडणी होताना डबा आपला कीबोर्ड सर्व्हरवर लादतो. बऱ्याच डब्यांत मुळात ब्रिटिश लेआउट असतो. त्यावर ईमेलच्या पत्त्यातलं ॲटचं चिन्ह दाबलं की अवतरणचिन्ह उमटतं, आणि ॲट असलेला पासवर्ड तर लागतच नाही. डब्यात यूएस लेआउट निवडा. मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड डब्यावर न टाकता सर्व्हरवर, प्रत्येकाच्या खात्यात टाका. तरीही लॉगिनगणिक मराठी गायब होत असेल तर सर्व्हरच्या रजिस्ट्रीत "इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट" ही नोंद, मधे जागा न सोडता, १ करून ठेवा. जुन्या फॉन्टवर चालणारं, यूएसबी लॉक लागणारं मराठी सॉफ्टवेअर असेल तर आधीच विक्रेत्याशी बोला. हायपर-व्हीच्या व्हीएमला यूएसबी लॉक सरळ दिसत नाही.

डीएससी

कर सल्लागारांच्या ऑफिसात सगळ्यात जास्त डोकेदुखी याची. टोकन सर्व्हरला लावलं तर रिमोट सेशनमध्ये दिसत नाही, कारण सेशनमधलं विंडोज स्मार्टकार्ड शोधताना सर्व्हरकडे न पाहता समोरच्या डब्याकडे पाहतं. टोकन डब्याला लावून, स्मार्टकार्ड रीडायरेक्शन चालू करून, ड्रायव्हर सर्व्हरवर टाकला तर ते दिसू शकतं. एवढ्यावर काम झालं असं समजू नका. जीएसटी पोर्टलवर सही करणारं एमसाइनर हे संगणकावर एका ठरावीक पोर्टवर बसतं आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. सेशन होस्टवर बाराही जणांसाठी संगणक एकच. पहिल्याचं एमसाइनर तो पोर्ट धरून बसलं की दुसऱ्याच्या ब्राउझरला स्वतःचं टोकन सापडत नाही.

यावर चलाखी करत बसू नका. विंडोज ११ चा एक साधा पीसी फक्त सह्यांसाठी ठेवा. टोकनं त्याच टेबलाच्या कुलपाच्या खणात, कोणतं कधी कोणी काढलं याची वही शेजारी. रिटर्न आपल्या टेबलावरून तयार करायचं आणि सहीपुरतं या पीसीवर यायचं. ऑफिसात एक जागा ठरली की लोक आठवड्यात रुळतात, आणि टोकनं हरवणंही थांबतं.

बाहेरून येणं आणि बॅकअप

राउटरवरून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट बाहेर इंटरनेटला उघडू नका. पोर्टचा आकडा बदलून उघडला तरी तो काही तासांत शोधला जातो आणि पासवर्ड फोडायचे प्रयत्न सुरू होतात. रॅन्समवेअर आत येण्याची ही नेहमीची वाट आहे, आणि इथे एक सर्व्हर गेला म्हणजे सगळं ऑफिस गेलं. घरून काम करायचं असेल तर राउटरवर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएनचं व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी), आणि त्यातून सेशन. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १५ मिनिटं बंद, हीही पॉलिसी लावा.

रेड १ हा बॅकअप नव्हे. फाइल चुकून पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. रोज रात्री दोन्ही व्हीएमचा बॅकअप होस्टवरून घ्या, दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून, एक नेहमी ऑफिसच्या बाहेर. ही डिस्क कोणाच्याही सेशनमध्ये ड्राइव्ह म्हणून दिसता कामा नये. इलेक्ट्रॉनिक हिशोब ठेवणाऱ्या कंपन्यांना रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचं बंधन आहे, तेव्हा तिसरी प्रत क्लाउडवर ठेवत असाल तर मुंबई किंवा पुण्याचं रीजन निवडलंय का ते पाहा. दर तीन महिन्यांनी एक कंपनी टॅलीत दुसऱ्या पीसीवर रिस्टोअर करून शेवटच्या दिवसाचं व्हाउचर उघडून बघा.

सर्व्हर बंद पडला तर काय, याचं उत्तर बसवण्याआधी ठरवा. दुसऱ्या दिवशी माणूस येईल अशी वॉरंटी, एक जादा स्विच, एक जादा पॉवर सप्लाय आणि दोन जादा थिन क्लायंट. सह्यांच्या पीसीवर टॅली आणि कालचा बॅकअप असेल तर निदान तातडीचं बिल निघतं.

टेबलं हलवणं

एका दिवसात बाराही टेबलं बदलू नका, आणि महिन्याच्या ११ ते २० तारखांना तर मुळीच नाही, जीएसटीची रिटर्न त्याच दिवसांत असतात. २१ नंतर, दिवसाला दोन टेबलं. आधी सगळ्यात जास्त प्रिंट काढणारं, कारण अडचणी तिथेच दिसतील. प्रत्येकाच्या जुन्या पीसीवरून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी (साठवलेल्या मेलची) फाइल असं सगळं उतरवा. पीएसटी ठेवायची ती सेशन होस्टच्याच डिस्कवर, नेटवर्क फोल्डरमध्ये ठेवली की ती बिघडते. व्हॉट्सॲप वेब नव्या सेशनमधून पुन्हा जोडावं लागतं, ते माणसाला आधी सांगा.

जुना पीसी महिनाभर त्याच टेबलाखाली, वायर काढून, तसाच असू द्या. "ती एक फाइल राहिली" असं महिनाभर कोणी ना कोणी म्हणतंच. महिना झाला की त्यातल्या डिस्क काढून पूर्ण पुसा आणि मगच पीसी विका. त्यावर ग्राहकांचे पॅन, आधार आणि बँकेचे उतारे आहेत.